‘अपशब्द’ मी बोलले न्हाय

मी मास्तरीण होते आणि शिव्या देत होते. आता मास्तरकी सुटली, शिव्या सुटल्या नाहीत. हे कुणापासून लपवावं असं मला कधी वाटलं नाही. नाकानं कांदे सोलत मला शहाणपण शिकवायला जे जे आले, त्यांना मी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मात्र माझी शिवी म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, असा प्रकार नाही. तिला नियम आहे. तो नियम माझ्या आईचा, आणि त्या नियमापायी आईला काय सोसावं लागलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही निपाणीत राहायचो. आई आणि मी, दोघीच. मी लहान असतानाच वडील तापानं गेले आणि आई तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. तंबाखू चाळायची, काड्या निवडायच्या, पोती भरायची. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या लुगड्याच्या वासानं मला शिंका यायच्या. मग ती म्हणायची, "सटवे, आईच्या वासाची बी शिंक येती व्हय गं तुला?" आणि मला जवळ ओढायची. सटवी म्हणजे वाईट बाई हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर मला ते माझं दुसरं नावच वाटायचं.

वखारीत बायका तोंडाला पदर बांधून बसत, नाहीतर धुरळा घशात जायचा. त्या पदराआडून दिवसभर शिव्या चालत. मालाला, ठसक्याला, सासूला, आणि दिवाणजीला तर सर्वांत जास्त. हा दिवाणजी म्हणजे वखारीच्या मालकाचा कारभारी. कुठली बाई कुठं बसणार ते तोच ठरवायचा. सगळ्यांची तोंडं बांधलेली, त्यामुळे शिवी कुठून आली ते त्याला कधी कळायचं नाही. तो वळून बघायचा तेव्हा साठ-सत्तर बायका खाली मान घालून चाळत असायच्या. आई घरी येऊन हे सांगायची आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

आता नियमाची गोष्ट. मी आठेक वर्षांची असेन. निपाणीच्या बाजारात कानडी गाडीवाले यायचे आणि त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा, बोळीमग. बैल अडला की बोळीमग, दोस्त भेटला की बोळीमग. मला तो निम्मा आपलाच शब्द वाटायचा. ‘मग’ म्हणजे आपलं रोजचं मग, आणि बोळ म्हणजे दोन घरांमधली चिंचोळी वाट. म्हणजे ‘बोळात हो मग, वाट सोड मग’ असलं काहीतरी असणार, असा अर्थ मी माझ्या मनानं लावून टाकला होता.

आमच्या गल्लीत कानडी बोलणारी एक म्हातारी राहायची. केस काढलेली, लाल आलवण नेसलेली, घरात एकटी. सगळे तिला आक्का म्हणत. तिचा ओटा सारवलेला आणि मोठा, म्हणून आम्ही पोरी तिथंच लंगडी खेळायचो. एकदा शेजारची पोरगी माझ्या वाटेत आली आणि मी ओरडले, "बोळीमग, सर की बाजूला!"

आक्का भिंतीला टेकून वाती वळत होती. तिचा हात थांबला. रागावली मात्र नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "नानू बोळी. बोळी मी हाय. मग यल्ली? मला मग कुठं हाय, बाळ?" आणि परत वाती वळायला लागली.

मला काही कळलं नाही. संध्याकाळी मी आईला विचारलं. वखारीत निम्म्या बायका कानडी, त्यामुळे आईला ती भाषा चांगली येत होती. कानडीत मग म्हणजे मुलगा, आणि बोळी म्हणजे डोकं भादरलेली विधवा. मी बिनमुलाच्या विधवेच्या ओट्यावर उभी राहून ‘विधवेच्या पोरा’ अशी शिवी दिली होती. आईनं माझा दंड धरला, तशीच मला आक्काकडं नेली आणि तिच्या पायावर घातली. येताना वाटेतच थांबून तिनं मला सांगितलं ते असं:

"शिवी द्यायची तर ज्येची त्येला द्यावी. बाप्यानं शेन खायाचं आनि शिवी त्येच्या आईनं खायाची, ह्यो कुटला न्याय? ती बिचारी घरात भाकरी थापत असती. आईवरनं न्हाय, भनीवरनं न्हाय, आनि रंडकीवरनं तर मुळीच न्हाय. आपन बी रंडकीच्याच घरातल्या. ध्यानात ऱ्हाईल का?"

राहिलं. आजतागायत राहिलं. मला असभ्य म्हणणाऱ्या सभ्य पुरुषांना मी एकच सांगते, तुमच्या शिव्यांतून बायका काढून टाका आणि तोंडात काय उरतं ते बघा. बहुतेकांना मुक्यानं हिंडावं लागेल.

शाळेत वेगळाच नियम होता. आमच्या मुलींच्या शाळेचे मास्तर फार शुद्ध बोलायचे. मुलीच्या तोंडून वाईट शब्द निघाला की ते तिला अंगणातल्या लिंबाचा पाला चावायला लावत. माझ्या वाट्याला तो पाला शिव्यांपेक्षा ‘न्हाय’ आणि ‘व्हय’ यांच्यापायीच जास्त आला. मास्तरांच्या लेखी ‘न्हाय’ आणि ‘भाड्या’ एकाच पंगतीत बसत. आईची भाषा म्हणजे कडू पाला, हे मी तेव्हा शिकले. वर्गातली बाई म्हणून मी पुढं पुष्कळ पाप केलं असेल, पण कुठल्याही पोरीला तिच्या आईच्या बोलण्यासाठी पाला चावायला लावला नाही.

तेव्हा मात्र मला आईची लाज वाटायची. खरं तेच सांगते. ती शाळेवरून जाताना मोठ्यानं हाक मारील म्हणून मी खिडकीपाशी बसत नसे. तीच आई एकदा मास्तरांना विचारायला आली, माझी पोरगी म्होरं काय हुनार? मास्तर म्हणाले, हुशार आहे, फायनलची परीक्षा पास झाली तर बेळगावला ट्रेनिंग करून मास्तरीण होईल. त्या दिवसापासून आईनं एकच धरलं. "वखारीच्या दारातनं आत जायाचं न्हाय तुला. त्या दारातनं मी गेले तेवडं बास." फायनलला एक वर्ष राहिलं होतं. तेवढं एक वर्ष आईचं काम टिकायला हवं होतं.

आणि त्याच वर्षी ते घडलं.

काम सुटलं की वखारीच्या दारात एकेका बाईला पदर आणि ओटी झाडून दाखवावी लागे. तंबाखूची चिमूट बाहेर जाता कामा नये. दिवाणजी समोर उभा राहून बघायचा. हा दिवाणजी बायकांच्या जिवावर जगायचा. हलकं काम हवं असेल तर त्याच्या घरी वांगी पोचवायची, अंडी पोचवायची, सणाला तूप पोचवायचं. जी देणार नाही ती धुरळ्यात बसायची. आईनं कधी काही दिलं नाही, म्हणून आई कायम धुरळ्यात. त्या दिवशी तिनं पदर झाडला तर तो म्हणाला, "नीट झाड, रांडं."

हे सगळं मला मागून बायकांनी सांगितलं, आणि प्रत्येकीनं सारखंच सांगितलं. आई दारातच थांबली. तोंडाला बांधलेला पदर तिनं हनुवटीखाली ओढला, म्हणजे कोण बोलतंय ते दिसावं.

"काय म्हनलासा, दिवानजी?"

"रंडकीला रांड म्हणलं. त्यात खोटं काय हाय? शिवी हाय का ती?"

"न्हाय का? मग बायकांच्या जिवावर खातोस, तुला भाडखाऊ म्हनलं तर त्यात तरी खोटं काय हाय? भाडखाऊच हाईस तू."

सांगणाऱ्या बायका इथं थांबून एकमेकींकडं बघायच्या. एवढी वर्षं पदराआडून जे चाललं होतं ते पहिल्यांदाच उघड्या तोंडानं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आईला आत घेतलं नाही. मालकांसमोर लेखी माफी द्यायची आणि त्यावर अंगठा करायचा, तरच काम. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा फार मऊ बोलायचे. त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात वाकडा शब्द गेला नाही, असं गावात सांगत. आई म्हणाली, माफी लिहायची तर दुसऱ्या कुणाचं अक्षर मला नको, माझी पोरगी लिहील. अण्णांनी ते मान्य केलं.

म्हणून मी टाक-दौत घेऊन वखारीत गेले. त्या दारातून आत जायची माझी ती पहिली वेळ. चौकात बायका कामावर बसलेल्या, गादीवर अण्णा, बाजूला दिवाणजी, समोर जमिनीवर आई. दिवाणजी सांगत गेला आणि मी लिहीत गेले, की मी वखारीतील कामकरी बाई लिहून देते, मी दिवाणजी यांस अपशब्द वापरले, त्याबद्दल मला पश्चात्ताप होत आहे, पुन्हा असे घडणार नाही. मला हायसं वाटलं. किती साधं होतं. एक अंगठा लावला की संपलं, आणि मी उद्या शाळेत.

आई म्हणाली, "वाच."

मी वाचलं.

"अपशब्द म्हंजी काय गं?"

"शिवी, आई. वाईट शब्द."

"ह्यो शबुद मी बोलले न्हाय." ती अण्णांकडं वळली. "अण्णा, ‘अपशब्द’ असं मी ह्या मान्साला कवाच म्हनले न्हाय. मला म्हनताच येनार न्हाय ते. मी बोललेच न्हाय त्यावर अंगठा कसा करू? मी ‘भाडखाऊ’ म्हनले. तसं लिव्ह, पोरी."

चौकातली चाळणं थांबली. मी अण्णांकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "लिही बाळ, तिच्या मनासारखं होऊ दे." कागद एकदाचा पुरा व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती. मी ‘अपशब्द’ खोडला आणि ‘भाडखाऊ’ लिहिलं. शुद्धलेखनात माझे कधी गुण गेले नव्हते, आणि हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होते.

"झालं? आता त्येच्या आदीचं लिव्ह. मी उगंच वाटंत उबी ऱ्हाऊन म्हनले का? त्यो आदी काय म्हनला ते वर लिव्ह."

दिवाणजी म्हणाला, "माझा काय संबंध?"

"तुमचा न्हाय तर कुनाचा? तुमी तुमचा शबुद मागं घ्या, मी माझा मागं घेते. लिव्ह गं."

मी नवा कागद घेतला. आता मला कुणाकडं बघावंसं वाटलं नाही. मी एकटीच लिहीत गेले, आणि आईचं बोलणं ऐकून ऐकून मला जे कळलं होतं ते आपोआप ओळीनं उतरलं. दिवाणजी मला म्हणाले, नीट झाड, रांडे. त्यावर मी त्यांना म्हणाले, भाडखाऊ. मी माझा शब्द परत घेते. दिवाणजी त्यांचा शब्द परत घेतात. खाली दोन जागा केल्या, एक आईच्या अंगठ्याची, एक दिवाणजीच्या सहीची. शाळेत मी पुष्कळ निबंध लिहिले, पण माझं पहिलं खरं लिखाण ते.

अंगठा घेण्याआधी कागद मोठ्यानं वाचून दाखवायची वखारीत रीत होती, कारण अंगठेवाल्याला वाचता येत नाही. एरवी ते काम दिवाणजीचं. आज अण्णांनी कागद हातात घेतला. वाचायला लागले. "दिवाणजी मला म्हणाले, नीट झाड..." आणि थांबले.

"वाचा की, अण्णा."

"पुढचं अक्षर नीट लागत नाही."

"अक्षर चांगलं हाय तिचं. मास्तर बी म्हनत्यात."

बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. पदराआडून, त्यामुळे कोण ते कळलं नाही. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाई," ते म्हणाले, "असले शब्द कागदावर लिहितात का?"

"बाईच्या तोंडावर म्हनत्यात, अण्णा. मग कागदावर लिव्हलं तर काय हुतंय?"

तो शब्द अण्णांच्या दारात रोज संध्याकाळी बोलला जात होता आणि त्यांच्या कानांना तो कधी लागला नव्हता. आज स्वतःच्या जिभेवर घ्यायची वेळ आली तर अक्षर लागेना. तेव्हापासून मी फार गोड बोलणाऱ्या माणसाच्या दारात आधी कोण उभं आहे ते बघते.

आईनं दौतीत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. चांगला ठसठशीत. "माझं झालं," ती म्हणाली. "आता दिवानजी."

दिवाणजीनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी गादीकडं बघितलं. मग अण्णा म्हणाले, आणि तेही मऊच आवाजात, "बाई, उद्यापासून येऊ नको."

"बरं," आई म्हणाली. "मग कागद माझा." तिनं तो उचलला, शाई वाळेपर्यंत फुंकला आणि घडी करून कनवटीला लावला.

घरी आल्यावर मी तिच्याशी भांडले, कधी नव्हे ती रडून भांडले. एका अंगठ्यासाठी एवढं? एका शब्दासाठी? माझ्या परीक्षेचं काय? आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परीक्षा हुईल. सटवे, तोंड धू आनि अभ्यासाला बस."

परीक्षा झाली. ती कशी झाली ते आईच्या छातीला माहीत. ही बाई तोंडाळ आहे असं दिवाणजीनं सगळीकडं सांगून ठेवलं. आईनं लोकांची दळणं दळली, शेण्या थापून विकल्या, आणि शेवटी गावाबाहेरच्या एका लहानशा वखारीत, जिथं बायका टिकत नसत, तिथं निव्वळ धुरळा चाळायला बसली. त्या धुरळ्याचा खोकला तिनं पुढं मरेपर्यंत वागवला. मी फायनल पास झाले, बेळगावला ट्रेनिंग केलं. मला कामासाठी त्या दारातून आत जावं लागलं नाही. मला माझ्या शिव्यांची लाज वाटत नाही, पण त्या संध्याकाळी मी आईशी भांडले त्याची वाटते. आई जाईपर्यंत तसं तिला म्हणायचं राहून गेलं.

स्वराज्य आलं त्या वर्षी मी बेळगावजवळच्या काकतीच्या शाळेत होते. झेंडा लावून, पेढे वाटून आठ दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत एक बाप शाळेच्या दारात आला आणि चौथीतल्या आपल्या मुलीला ओरडला, "रांडं, शेन कोन भरनार, तुझा आजा? चल घरला!" त्यानं तिचा हात धरला आणि पोरीची पाटी पायरीवर फुटली. मी बाहेर आले. त्याच्या आईचं नाव घेतलं नाही, बहिणीचं घेतलं नाही. त्याला एकट्याला, त्याच्या स्वतःच्या नावानं, भर पटांगणात माझ्या आईचा तो शब्द हाणला, भाडखाऊ. गडी हात सोडून उभाच राहिला. मग शाळेला शिव्या घालत निघून गेला, त्या अर्थातच आईबहिणीवरून.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. चांगला माणूस होता, उगाच कशाला खोटं बोलू. म्हणाले, "बाई, आता स्वराज्य आलं. आता तरी तोंड सांभाळायला हवं. त्या गृहस्थांना अपशब्द वापरल्याबद्दल दोन ओळी लिहून द्या, म्हणजे प्रकरण मिटेल."

दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेत जपलेला आईचा तो कागद नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. घडीवर पिवळा पडलेला, पण अक्षर स्वच्छ. त्यांनी तो मनातल्या मनात वाचला. मोठ्यानं वाचा असं मी म्हणाले नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि अंगठ्याशेजारच्या जागेवर बोट ठेवलं.

"ही सही राहिली का?"

"व्हय, गुरुजी," मी म्हणाले, आणि ‘व्हय’च म्हणाले. "आईनं तिचा शबुद मागं घ्यायची तयारी केलती. अंगठा झालाय तिचा. समोरच्यांची सही आली की मी त्याच दिवशी तोंड मिटते."

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. दोन ओळी पुन्हा कधी मागितल्या नाहीत. ती मुलगी चार दिवसांनी फुटकी पाटी घेऊन वर्गात येऊन बसली.

कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. जागा कोरी आहे.